आत्याबाई, तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात

आत्याबाई,

तेराव्याचे पाहुणे परवा गेले. सतरंज्या ज्यांच्या त्यांना परत केल्या, मोठी पातेली घासून माळ्यावर चढवली. घरात आता तीन माणसं आहेत आणि तिघंही हळू बोलतात. मोठ्यानं बोलणारं माणूस तुम्हीच होतात.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणून लग्न होऊन आल्यापासून मी तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही. माहेरी बाबांना पत्र लिहायला बसले की तुम्ही दारातून विचारायच्या, "माह्यं काय लिहिलं त्याच्यात?" मी म्हणायचे, काही नाही, नमस्कार लिहिला. तो नमस्कारही बऱ्याचदा लिहिलेला नसायचा. आज सगळा कागद तुमचाच आहे.

दुखवट्याला आलेल्या बायका विचारतात, सासू कशी होती. मी म्हणते, चांगली होती. त्या मान हलवतात. ह्या उत्तरात खोटं काही नाही, पण त्यानं काहीच सांगून होत नाही.

वत्सला झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच, सोनाळ्यात झालं. बारशापर्यंत सगळं ठीक होतं. मग माझी झोप गेली. पाच-सहा दिवस डोळा लागला नाही, आणि त्यानंतर पोर माझी नाही, कुणीतरी बदलून ठेवली आहे, असं मला वाटायला लागलं. 'वाटायला लागलं' हे मी आज लिहिते. तेव्हा ते मला दिसत होतं, समोरचा दिवा दिसावा तसं. मी जेवण सोडलं, कारण त्यात काहीतरी कालवलेलं असायचं. बोलणं सोडलं, कारण भिंतीपलीकडे कुणीतरी ते लिहून घेत होतं.

एका दुपारी मी वत्सलेला घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेले. तिथे मी काय करणार होते ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. तुम्ही मागून आलात. ओरडला नाहीत, धावला नाहीत. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "दे इकडं. तुहा हात दुखला असन." हात खरंच दुखत होता. मी पोर तुमच्याजवळ दिली. मग तुम्ही पुढे आणि मी मागे, अशा आपण घरी आलो. त्या दिवसापासून वत्सला तुमच्याजवळ राहिली. शेळीच्या दुधावर, बोंडल्यानं पाजून तुम्ही तिला जगवलीत.

पुढचे दोन महिने जे सगळीकडे होतं तेच झालं. अंगारे, धुपारे, डोंगराच्या पायथ्याच्या गावातला एक देवऋषी, त्यानं दिलेलं लिंबू आणि मिरच्यांचा धूर. मिरच्यांचा धूर माझ्या नाकात गेला त्या दिवशी तुम्ही त्याला हाताला धरून ओसरीखाली उतरवलंत, हे मला नंतर शेजारच्या सरूबाईंनी सांगितलं. मामंजी मागेच गेलेले, त्यामुळे घरातला शब्द त्यांच्या धाकट्या भावाचा, काकाजींचा. काकाजींचं म्हणणं सरळ होतं. मला माझ्या बाबांकडे मेहकरला पोचवायचं आणि मुलाचं दुसरं लग्न करायचं. त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. त्यांना दुसरा रस्ता माहीत नव्हता, एवढंच.

तुम्हालाही माहीत नव्हता. तुम्ही तो विचारत विचारत शोधलात. दमणीला बैल जुंपून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत. तिथल्या डॉक्टरांनी मला पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि तुम्हाला बाहेर नेऊन सांगितलं की ह्या आजाराचं वेगळं इस्पितळ असतं. रेल्वेनं जावं लागतं, काही महिने ठेवावं लागतं. तुम्ही विचारलंत, तिथून बायका बऱ्या होऊन येतात का? ते म्हणाले, बऱ्याच येतात, सगळ्या नाही. तुम्ही म्हणालात, "मंग कागद करा."

तो कागद आपल्या दोघींच्यात सोळा वर्षं पडून होता.

कचेरीत कारकुनानं तो मोठ्यानं वाचला. सदर बाई वेडी असून तिच्यापासून तिच्या स्वतःच्या व मुलाच्या जिवास धोका आहे, सबब तिला ठेवून घेण्याचा हुकूम व्हावा. मी बाकावर बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं. वेडं माणूस ऐकत नसतं असं लोकांना का वाटतं कोण जाणे. सही नवऱ्यानं करायची होती. तुमच्या चिरंजीवांनी टाक हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला आणि बाहेर निघून गेले. कारकून तुमच्याकडे बघायला लागला. तुम्ही पदर सावरलात आणि अंगठा पुढे केलात.

त्या अंगठ्याबद्दल मी तुम्हाला पुढे कितीदा बोलले असेन. भांडण पिठाचं असो, गाईच्या चाऱ्याचं असो, मी शेवटी अंगठ्यावर यायचे. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की तुझ्या नवऱ्याला जमलं नाही म्हणून मी केलं. एकदाही नाही. हे मी तेव्हा मोजत नव्हते.

नांदुऱ्याला आपण गाडीत बसलो. तिथपर्यंत मला सगळ्यांनी सांगितलं होतं की आपण देवदर्शनाला निघालोय. वत्सलेला सरूबाईंकडे ठेवलं होतं. फलाटावर तुमच्या चिरंजीवांनी पुन्हा तेच सांगितलं, नारळ घेऊ का म्हणाले. गाडी सुटल्यावर तुम्ही माझ्या समोर येऊन बसलात.

"शांते, दर्शनाले नाही जाऊन राह्यलो आपण. तुले दवाखान्यात ठेवाले नेऊन राह्यलो. तू बिमार हायेस. बरी झाली का मीच येईन घ्याले."

हे घाबरून म्हणाले, आत्ता कशाला? तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पूर्वी त्या इस्पितळात काम केलं होतं. त्याच्यासमोर बसून तुम्ही एकेक गोष्ट विचारून घेतली होतीत आणि ती तशीच पाठ केली होतीत. ती आता मला सांगायला लागलात. मी खिडकीबाहेर बघत होते, तुम्हाला वाटलं असेल हिच्या कानावर पडत नाही. सगळं पडलं.

"गेल्यावर आधी तुह्यं वजन करतीन. आंघोळ घालतीन, ती बाईच घालते, माणूस नसते तिथं. लुगडं काढून घेतीन अन् त्यायचं पांढरं देतीन. मंगळसूत्र, बांगड्या काढून गाठोड्यात बांधून त्याच्यावर तुह्यं नाव लिहितीन. रडजो नको, ते हरपत नाही, जाताना परत देतात. केस कापतीन. केस येतात. औषध घाण वासाचं असते, पिऊन टाकजो, झोप लागते त्यानं. दिवस बुडाला का दरवाजाले कुलूप लावतात, ते सगळ्यायलेच लावतात, तुह्या एकटीसाठी नाही. डॉक्टर रोज रोज तेच विचारतीन. जे दिसन ते सांगजो, खोटं नको बोलू. देतीन ते खाजो."

मग थोडं थांबून म्हणालात, "तिथं विष घालाले कोणाले फुरसत नाही."

हसू यावं असं ते वाक्य होतं. मी हसले नाही, पण ते माझ्याजवळ राहिलं. पहिल्या दिवशी ताटात भाकरी आणि पातळ वरण आलं तेव्हा वाढणारी आया इतक्या घाईत होती की मला तुमचं म्हणणं पटलं. मी अर्धी भाकरी खाल्ली.

जवळजवळ सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे झालं. फक्त केस सगळ्यांचे कापत नसत. उवा असल्या तरच कापत. माझ्या केसांत होत्या, त्यामुळे माझे गेले. तुम्ही न सांगितलेल्या गोष्टीही होत्या, कारण त्या कंपाउंडरला ठाऊक नसणार. तो मोकळा फिरणारा माणूस होता. आत राहणाऱ्याला पहिल्यांदा कळतो तो आवाज. दालनात वीसेक बायका, त्यांतली एखादी बोलतच असायची. पहिला आठवडा मला वाटलं, ह्या आवाजानंच आपण मरू. नंतर तो पंखा चालावा तसा झाला. दुसरी गोष्ट, वेळ. उठायचं, आंघोळ, न्याहारी, मग जेवणापर्यंत काही नाही. घरी आपल्याला बसायला वेळ कधी होता? तिथे दुपार इतकी लांब असायची की मी फरश्या मोजायचे, आणि मोजून झाल्या की दुसऱ्या टोकाकडून मोजायचे.

त्या औषधाचा वास तोंडात सकाळपर्यंत राहायचा. पण झोप लागली. सलग आठ-दहा दिवस झोप लागल्यावर भिंतीपलीकडचा माणूस लिहायचा थांबला. एकदम नाही थांबला. आधी दुपारी यायचा बंद झाला. डॉक्टर रोज विचारायचे, आज वार कोणता, तुम्हाला इथे कुणी आणलं, पोर कुणाची? तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी खोटं बोलले नाही. पोर माझी नाही, असं मी त्यांना दोन महिने सांगत होते. ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. त्यांनी मला कधी पटवायचा प्रयत्न केला नाही. बरं वाटायला लागल्यावर मला त्याचं नवल वाटलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर मथुरा नावाची बाई होती. ती दिवसभर पदराच्या निऱ्या करायची आणि मोडायची. तिला तिथे सहा वर्षं झाली होती. ती तशी शहाण्यासारखं बोलायची, मला केस विंचरायला शिकवायची, म्हणजे त्या बोटभर केसांना. एकदा मी तिला विचारलं, तुम्ही घरी का जात नाही? ती म्हणाली, न्यायला यावं लागतं. एवढंच म्हणाली आणि निऱ्या करायला लागली. त्या दिवसापासून मला वेडापेक्षा दुसरीच भीती वाटायला लागली.

तुम्ही दोन महिने आला नाहीत. मी रोज दाराकडे बघायचे आणि मथुराबाईंकडे बघायचे. तुमच्याबद्दल काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

मग एका सकाळी आयानं नाव पुकारलं. मी बाहेर कडुनिंबाखाली आले तर तुम्ही बसलेल्या, मांडीवर वत्सला. ती केवढी मोठी झाली होती. मला काहीच झालं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती मला शेजारणीच्या पोरीसारखी दिसली. दुसरी कुणी असती तर तिनं पोर माझ्या मांडीवर टाकली असती, आई बघ आई बघ केलं असतं. तुम्ही तिला तुमच्याच मांडीवर ठेवलंत आणि मला सांगायला लागलात की तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. यंदा वाण नदीला पाणी बेताचं आलं. सरूबाईची जाऊ परत माहेरी गेली. अर्धा तास तुम्ही बोलत होतात. वत्सलेला दूध पाजलंत. तिनं ढेकर दिला. निघायच्या वेळी उठताना तुम्ही तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलंत आणि तिचा पाय माझ्या हाताला लागला. थंड होता. मी म्हटलं, "हिला गार लागलंय. पाय झाका."

तुम्ही पाय झाकलेत आणि गेलात. डॉक्टरांना काय सांगितलंत माहीत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोर कुणाची हे विचारलं नाही.

इतके दिवस का आला नाहीत, हे मला घरी आल्यावर वर्षानं कळलं, तेही सरूबाईंकडून. काकाजींनी सोयरीक आणली होती, मुलगी पाहायला जायचा दिवस ठरला होता, आणि तुमचे चिरंजीव तर कुठल्याच बाजूला ठामपणे उभे राहत नव्हते. तुम्ही घर सोडून हलला असतात तर तेवढ्यात टिळा लागला असता. काकाजींना तुम्ही भर ओसरीवर म्हणालात, "सून मेली नाही. दवाखान्यात हाये. पाय मोडला असता तं काय दुसरी आणली असती?" काकाजी म्हणाले, पायाची गोष्ट वेगळी. तुम्ही म्हणालात, काऊन वेगळी? त्यानंतर दोन वर्षं ते आपल्या घरी जेवले नाहीत.

सहाव्या महिन्यात तुम्ही मला न्यायला आलात. गाठोडं सोडून मंगळसूत्र दिलं, त्यावर खरंच माझं नाव लिहिलेलं होतं. निघताना मथुराबाईंना मी हात जोडले. त्या म्हणाल्या, सुखी राहा. तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात. बाहेर आल्यावर विचारलंत, तिले कोणी नाही का? मी म्हटलं, आहेत.

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं कुलूप उघडलं की आजार संपला. मला माणसांत बसवत नसे. हात थरथरायचे, भाकरी थापता यायची नाही. तुम्ही वत्सलेला माझ्याजवळ एकटीला सोडत नव्हता. ते मला दिसायचं, आणि तुमची चूक नव्हती हेही कळायचं. तरी मी मनात तुम्हाला शिव्या द्यायचे. मग पंधराएक दिवसांनी एका सकाळी तुम्ही डोक्यावर फडकं बांधलंत, विळा घेतलात आणि म्हणालात, "मी वावरात जाऊन येतो. पोरगी उठली का दूध पाज." आणि निघून गेलात. घरात मी आणि वत्सला, दोघीच. त्या सकाळी मी जेवढी घाबरले तेवढी इस्पितळातही घाबरले नव्हते. ती उठली. मी दूध पाजलं. अर्धं सांडलं. तुम्ही दुपारी आलात, सांडलेलं पाहिलंत आणि विळा खुंटीला लावलात.

आपली खरी भांडणं त्यानंतरची.

मला वाटत होतं, झालं ते झाकून ठेवावं. बाहेर कुणी विचारलं तर मी माहेरी होते म्हणून सांगावं. बाबांनीही तसंच लिहून कळवलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. आठवडी बाजारात, लग्नात, दळणाला, कुणीही विचारलं की तुम्ही सांगायच्या, सुनेच्या डोक्याले बिमारी झाली होती, दवाखान्यात ठेवली होती, आता बरी हाये. ताप येऊन गेला असं सांगावं तसं. मी आत दात-ओठ खायचे. मग लोक यायला लागले. पहिला आला तो संग्रामपूरचा एक माणूस, त्याचा भाऊ चार महिने बोलत नव्हता. तुम्ही त्याला ओसरीवर बसवलंत आणि मला हाक मारलीत, यायले सांग तिकडं काय असते. मी आले नाही. तेव्हा तुम्ही स्वतःच सांगायला लागलात. वजन करतात, कपडे काढून घेतात, सगळ्यायचे केस कापतात. माझ्यानं राहवेना. मी दाराआडून म्हटलं, "सगळ्यांचे नाही कापत."

"मंग बाहेर येऊन सांग नं," तुम्ही म्हणालात.

मी बाहेर आले. पदर डोळ्यांपर्यंत ओढून सांगितलं. त्यानं विचारलं, मारतात का? मी म्हटलं, मला कुणी मारलं नाही. त्यानं विचारलं, भाऊ बरा होईल का? मी म्हटलं, ते मला कसं माहीत असणार, पण ठेवलात तर न्यायला जा. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी यायचं. सोनाळ्यात ती वेडी होऊन आलेली बाई आहे, तिला विचारा. असं माझं नाव झालं, आत्याबाई, आणि ते तुम्ही केलंत. मला ते नको होतं. कधी कधी आलेली माणसं जाताना रडायची, माझे पाय धरायची, तेव्हा मी आत जाऊन भांडी आपटायचे. तुम्ही म्हणायच्या, आपट, तुहीच हायेत.

वत्सलेच्या पाठीवर मला मूल झालं नाही. त्याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. भीतीनं की मायेनं, हे आता विचारायचं राहून गेलं.

गेल्या दिवाळीनंतर वत्सलेला नांदुऱ्याचं स्थळ आलं. चांगली माणसं, मुलगा शिकलेला, कापसाचा व्यापार. पाहणं झालं, पोरगी पसंत पडली, सुपारी फोडायची बोलणी सुरू झाली. आदल्या दिवशी मी तुमच्यासमोर हात जोडले. म्हटलं, एवढं एक बोलू नका. लग्न लागू द्या, मग गावभर दवंडी पिटा. तुम्ही म्हणालात, "लपवून देली अन् उद्या कळलं, तं पोरीले काय म्हणतीन? खोट्याची पोरगी म्हणतीन. ते वेडीच्या पोरीहून वाईट." मी म्हटलं, कळणारच नाही. तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं मानलंत.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तुम्ही मुलाच्या वडिलांना सगळं सांगितलंत. माझ्यासमोर, वत्सलेसमोर. ते ऐकून घेऊन, नमस्कार करून गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते पूर्ण लिहिते, कारण ते बोलल्याचं मला आठवत नाही असं मी सगळ्यांना भासवलं. मी म्हटलं, "मला वेडी तुमच्या अंगठ्यानं केलं. आता माझ्या पोरीला तुमच्या तोंडानं करताय." तुम्ही शेंगा निवडत होतात. हात थांबला नाही. त्यानंतर चार महिने आपण कामापुरतं बोललो. मीठ आहे का, पाहुणा जेवणार का, एवढंच. वत्सला दोन्हीकडे निरोप पोचवायची.

मग तुम्हाला ताप आला, आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. मी उशाशी होते. तुम्ही पाणी मागितलंत, मी दिलं. भांडं ठेवून वळले तर तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तोंड उघडलंत. मी म्हटलं, पडा आता, बोलू नका. तुम्ही पडलात. डॉक्टर बोलू नका म्हणाले होते, हे खरं. पण मला ऐकायचंही नव्हतं, हेही खरं. तुम्हीच शिकवलंत, जे असेल ते सांगायचं.

दहाव्याच्या दिवशी सरूबाई माझ्याजवळ बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "ते तुले पोरीजवळ सोडून वावरात गेली नं तुही सासू, ते कुठली वावरात. माह्या ओट्यावर बसून होती बारा वाजेपर्यंत, तुमच्या दाराकडं पाह्यत. पाणी पे म्हटलं तं पेली नाही." मला आधी राग आला. पंधरा वर्षं मी त्या सकाळच्या आधारावर जगले होते, की ह्या बाईनं माझ्यावर पोर टाकली आणि निघून गेली. नंतर मी तुमच्या जागी बसून पाहिलं. दार उघडं, आत आवाज नाही, पोर रडायची थांबलेली. आणि तुम्ही उठला नाहीत. वावरात जाणं त्याहून सोपं होतं.

काल जळगावकडची एक बाई दुखवट्याला आली. तुमच्या लांबच्या नात्यातली म्हणाली. नातं तिलाही नीट सांगता येईना. तिचा मुलगा शाळामास्तर आहे. चहा घेताना तिनं वत्सलेकडे दोनदा पाहिलं, तिचं वय विचारलं, आणि मला कळलं ती कशाला आली आहे. हे ओसरीवर होते. वत्सला आत गेली. मला कुणी रोखणारं नव्हतं आणि कुणी बोलायला लावणारंही नव्हतं. मी पेला खाली ठेवला आणि म्हटलं, पुढचं बोलायच्या आधी एक सांगते. सांगितलं. विहिरीचंही सांगितलं; ते तुम्हीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या बाईच्या बशीतला चहा निवला. मी उठणार तेवढ्यात तिनं विचारलं, "तिथं बायकायले जेवाले काय देतात?"

मी म्हटलं, भाकरी आणि वरण, कधी भाजी. कुणासाठी विचारता? ती म्हणाली, लहान्या बहिणीसाठी. सासरचे आणून टाकून गेले, तीन वर्षं झाली, मागच्या खोलीत ठेवली आहे. शेजाऱ्यालाही ठाऊक नाही. एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याजवळ सरकले. कागद कुठे करायचा ते सांगितलं, तालुक्याच्या डॉक्टरांचं सांगितलं, बरोबर काय द्यावं, काय देऊ नये, पहिल्या भेटीला गेलात तर कशाबद्दल बोलावं, कशाबद्दल बोलू नये. अंधार पडायला आला तेव्हा ती उठली. वत्सलेच्या हातावर तिनं खाऊचा पुडा ठेवला. लग्नाचं नाव तिनंही काढलं नाही आणि मीही नाही.

ती जाईपर्यंत हे ओसरीवर बसून होते. नंतर आत येऊन म्हणाले, "सांगितलंस?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आई गेली तरी तेच." ते चिडले होते की नाही, मला कळलं नाही. मग म्हणाले, तो कागद मी करायला हवा होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. मी भाकरी टाकत होते, मी फक्त म्हटलं, पाट मांडा.

आत्याबाई, नांदुऱ्याच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. पोरगी माझी होती, सांगायचं असतं तर ते मी सांगायचं होतं, तुम्ही नाही. ह्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. तू कधी सांगतली असती?

मास्तरच्या घरून निरोप येईल किंवा येणार नाही. बहिणीला मात्र ती सोमवारी तालुक्याला घेऊन जाणार आहे. एकटीला धीर होत नाही, बरोबर याल का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलंय.